तीन हजार पत्ते आणि एक वाचनालय

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण शंका काढणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. इतरांनी बनवलेल्या वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी मोडून बघायच्या, कुठे मोडतात ते सांगायचं, आणि दुरुस्त होऊन आल्या की पुन्हा मोडायला घ्यायच्या. तिच्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सुनेला मोडतोड करायचा पगार मिळतो." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्या वर्षी तिच्याकडे डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाची वेबसाइट आली. तिथे मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट होत. दर तीन महिन्यांनी पुढच्या तारखा खुल्या व्हायच्या आणि त्या दिवशी उजाडायच्या आत फाटकाबाहेर रांग लागलेली असायची. सगळी वयस्कर माणसं, धड न दिसणारी, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी. रांगेत दलालही घुसायचे, जागा धरून ठेवायचे आणि विकायचे. मागच्या खेपेला धक्काबुक्कीत एक आजोबा पडले, त्यांचं माकडहाड मोडलं, आणि रुग्णालयाने ठरवलं की आता रांग पुरे झाली. यापुढे तारखा वेबसाइटवरून. ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला पान उघडेल, ज्याला हवी त्याने घरबसल्या तारीख घ्यावी.

शंकासुरला या कामात घरचाही धागा होता. तिची आई थोरल्या भावाकडे, बसने दोन-अडीच तासांवरच्या गावात राहायची. आईने उभा जन्म रफू करण्यात घालवला होता. जळलेल्या कोटाचं भोक ती असं बुजवायची की मालकाला स्वतःलाच ते पुन्हा सापडत नसे. आता दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. मोठ्या खासगी दवाखान्यात नेते म्हटलं तर आई ऐकायला तयार नव्हती. "याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीचे डोळे केलेत. मला तेच हवेत," असं म्हणून ती दोनदा रांगेत उभी राहून रिकाम्या हाती परत आली होती.

"आणि हे बघ," आईने फोनवर बजावलं होतं, "तू आत आहेस म्हणून माझं नाव गुपचूप वर सरकवशील, तर मी ऑपरेशनलाच जाणार नाही."

"आई, मी नुसती तपासते. नावं सरकवायचं माझ्या हातात नसतं."

"नसेल तर बरंच आहे."

तपासणीतला मोठा भाग होता लोड टेस्ट. दहाच्या ठोक्याला हजारो माणसं एकदम त्या पानावर येणार, ती गर्दी आधीच खोटीखोटी उभी करून बघायची. तिच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून तीन हजार बनावट रुग्ण निघायचे, पान उघडायचे, नाव-वय भरायचे, तारीख निवडायचे. या सगळ्याला वेबसाइटच्या बाजूने तोंड द्यायला चार सर्व्हर उभे केले होते.

पहिल्या दिवशी टेस्ट सुरू केली आणि मिनिटभरात सगळं ठप्प झालं. रुग्णालयाच्या आग्रहावरून दलालांसाठी एक नियम घातलेला होता: नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात फार मागण्या आल्या, की दार बंद. दाराशी बसलेल्या या प्रोग्रॅमला ऑफिसात पहारेकरी म्हणत. त्याने शंकासुरच्या कॉम्प्युटरला दलाल समजून बाहेर काढलं.

"अरे, हा आपलाच पत्ता आहे," असं म्हणत नेटवर्कवाल्या काकांनी तिच्या कॉम्प्युटरला त्या नियमातून सूट दिली. हे काका वयाने पन्नाशीचेही नव्हते, पण केस लवकर पिकल्यामुळे सगळ्या ऑफिसचे काका झाले होते.

सूट मिळाल्यावर टेस्ट सुरळीत पार पडली. तीन हजार रुग्णांना तीन हजार उत्तरं, एकही चूक नाही. टीमचा लीड खूश झाला. तो शंकासुरपेक्षा वयाने लहान, हुशार आणि कायम घाईत असलेला माणूस होता. मीटिंगमधून मीटिंगमध्ये जाताना उभ्याउभ्याच खायचा.

"झालं ना? कळवू ना रुग्णालयाला?"

"थांबा सर. हे बघा." तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. चार सर्व्हरचे चार आलेख होते. एकाची रेघ डोंगरासारखी चढली होती. बाकीच्या तिघांच्या रेघा जमिनीला चिकटून सरळ गेल्या होत्या. "तिघांकडे कोणी फिरकलंच नाही."

"म्हणजे एकट्याने सगळं पेललं? मग तर उत्तमच की! एकाला जमतंय तर चौघांना चौपट जमेल."

"तसं असेलच असं नाही."

"तुम्हाला आनंदाची बातमी दिली तरी तुम्ही आधी तिचा वास घेऊन बघता," लीड म्हणाला. पण कळवतो-कळवतो म्हणत त्याने त्या दिवशी काही कळवलं नाही. तिच्या शंकांनी पूर्वी दोन-तीनदा मोठ्या फजितीतून वाचवलं होतं, हे तोही विसरला नव्हता.

ती काकांकडे गेली. काका केबलींच्या गुंत्यात डोकं घालून बसले होते. तिचं म्हणणं ऐकून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"बरोबरच आहे. या चौघांच्या पुढे एक वाटप करणारा प्रोग्रॅम आहे. आलेल्या माणसाचा आयपी पत्ता तो बघतो आणि त्यावरून ठरवतो की याला अमुक सर्व्हरकडे धाडायचं. एका पत्त्याला कायम एकच सर्व्हर. म्हणजे कोणाचा अर्धवट भरलेला फॉर्म मध्येच दुसरीकडे जाऊन हरवत नाही."

"आणि माझे तीन हजार रुग्ण..."

"एकाच पत्त्यावरून आलेत. वाटप करणाऱ्याच्या लेखी ते तीन हजार नाहीतच. एक माणूस आहे, तीन हजारदा दार ठोठावणारा. त्याला त्याने आपला एकच सर्व्हर दिला."

"मग मला पुष्कळ पत्ते हवेत."

"मिळतील. एकाच कॉम्प्युटरला हवे तेवढे पत्ते चिकटवता येतात. पण आज मला वेळ नाही, उद्या देतो."

उद्यापर्यंत थांबणं शंकासुरला जमलं नाही. तिने दुपारी ऑफिसच्याच नेटवर्कमधले वीसएक पत्ते, रिकामे दिसले म्हणून, आपल्या कॉम्प्युटरला लावून टाकले आणि टेस्ट सोडली. दोन सर्व्हर जरा हलायला लागले तोच हिशेब विभागातल्या बाई तरातरा चालत आल्या.

"आमचा प्रिंटर मेला! आत्ता चांगला चालत होता. तुमच्या लोकांनी काय केलंय?"

शंकासुरने जे रिकामे म्हणून उचलले होते त्यातला एक पत्ता त्यांच्या प्रिंटरचा होता. प्रिंटर झोपला होता म्हणून तो रिकामा दिसला. आता एकाच पत्त्यावर दोघं दावा सांगत होते आणि हिशेबवाल्या बाईंची कागदपत्रं भलतीकडे, म्हणजे शंकासुरच्या टेबलाखाली येऊन नाहीशी होत होती.

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, कोणाच्या घरात राहायला जाण्याआधी आत कोणी आहे का ते विचारावं!" त्यांनी तिच्याकडून ते सगळे पत्ते काढून घेतले आणि त्याच संध्याकाळी, घरी जायची वेळ झालेली असताना, तिला कोणीच न वापरलेल्या पत्त्यांची एक कोरी करकरीत मोठी पट्टी दिली. तीन हजार रुग्णांना तीन हजार पत्ते, प्रत्येकाला स्वतंत्र. शिवाय त्या पत्त्यांकडे परत यायची वाट सर्व्हरना शिकवून ठेवली. ती नसती तर मागणी पोचली असती, पण उत्तर कुठे द्यायचं हे सर्व्हरला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकासुरने लीडला मुद्दाम शेजारी बसवलं आणि टेस्ट सुरू केली. चारही आलेख एकदम उठले.

"बघा, चौघंही कामाला लागले," लीड म्हणाला.

त्याचं वाक्य पुरतं संपलंही नसेल. आलेख चढले, थरथरले आणि एकापाठोपाठ एक कोसळले. स्क्रीनवर लाल अक्षरांची रांग लागली. तीन हजारांतल्या जेमतेम पाचशे जणांना तारीख मिळाली, बाकीच्यांना कोरं पान. लीडने हातातला सँडविचचा तुकडा टेबलावर ठेवला.

कारण दुपारपर्यंत सापडलं. चारही सर्व्हरमागे डेटाबेस एकच होता. सगळ्या तारखा आणि नावं त्यातच. प्रत्येक सर्व्हर गर्दी झाली की डेटाबेसशी शंभर जोडण्या उघडायचा आणि डेटाबेस जास्तीत जास्त दोनशे सांभाळायचा. एकटा सर्व्हर काम करत होता तोवर सगळं आलबेल होतं. चौघं जागे झाल्यावर त्यांनी मिळून डेटाबेसचा गळा दाबला. म्हणजे चौघं मिळून चौपट काम करण्याऐवजी एकट्यापेक्षाही कमी करत होते.

"खऱ्या दिवशी हे झालं असतं तर?" लीड हळूच म्हणाला.

"तर लोकांनी परत रांगच बरी म्हटलं असतं."

पुढचा आठवडा दुरुस्तीत गेला. सर्व्हरांच्या जोडण्या आवळल्या, डेटाबेसला जास्त जागा दिली, आणि फारच गर्दी झाली तर माणसाला कोरं पान दिसण्याऐवजी 'थांबा, तुमचा क्रमांक येतो आहे' असं सांगणारं एक पान घातलं. प्रत्येक बदलानंतर शंकासुर आपले तीन हजार पत्ते घेऊन तुटून पडायची. शुक्रवारी दुपारी चारही रेघा डौलात चढल्या, वर टिकल्या आणि डौलात उतरल्या. लाल अक्षर एकही नाही. लीडने स्वतःहून केक मागवला. पान बुधवारी उघडणार होतं. रुग्णालयाला त्याने शुक्रवारीच कळवून टाकलं आणि शंकासुरला म्हणाला, "आता दोन दिवस शंका बंद. आईकडे जाऊन या."

ती शनिवारी सकाळच्या बसने गेली.

भावाच्या घरात भाऊ नव्हता, कामावर गेला होता. आई गॅलरीत पोत्याच्या आकाराचा एक जुना स्वेटर उसवत बसली होती. उसवायला डोळे लागत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. वहिनीही घरात नव्हती. ती गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती.

"तिला डबा द्यायचाय, चल माझ्याबरोबर," आई म्हणाली. "तिने बुधवारचा काय घाट घातलाय ते बघ तरी."

रस्ता ओलांडताना आईने तिचा दंड धरला. पकड घट्ट होती. समोरून येणारी सायकल तिला अगदी जवळ आल्यावर दिसली.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात वहिनी खुर्च्या मांडत होती. एका भिंतीला सहा कॉम्प्युटर, दुसऱ्या भिंतीला लांब बाकं.

"या वन्सं!" वहिनी हसली. ती नणंदेला चेष्टेने वन्सं म्हणायची. "तुमच्या वेबसाइटची तयारी चाललीय. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना फॉर्म भरता येत नाही. दिसतच नाही तर भरणार कसे? तर मी सगळ्यांना सांगितलंय, बुधवारी साडेनऊला इथे या. सहा जण कॉम्प्युटरवर, ज्यांची नातवंडं येतील ते त्यांच्या फोनवर. वाय-फाय आहेच. चाळीसएक जण येतील."

"मीपण," आई म्हणाली. "आणि मी बाकीच्यांना पाणी द्यायला."

शंकासुरला मनापासून कौतुक वाटलं. तिने वहिनीला तसं म्हटलंही. मग तिची नजर दरवाजावरच्या कोपऱ्यात गेली. तिथे खिळ्याला एक छोटी पांढरी पेटी लटकत होती, तिच्यावर दोन हिरवे दिवे लुकलुकत होते.

"वहिनी, वाय-फाय या एकाच पेटीतून?"

"हो. का गं? जोर कमी पडेल?"

शंकासुरने आपला फोन त्या वाय-फायला जोडला आणि बाहेरच्या जगाला आपला पत्ता काय दिसतो ते बघितलं. मग वहिनीचा फोन घेऊन बघितला. मग दोन कॉम्प्युटरांवर. चारही ठिकाणी तोच एक पत्ता, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

ती बाकावर बसली.

"काय झालं?" आईने विचारलं. चेहरा दिसत नसला तरी गप्प बसणं तिला बरोबर कळायचं.

"आई, बुधवारी इथून चाळीस जण एकदम तारीख मागणार. पण आमच्या दारावर जो पहारेकरी आहे ना, त्याला चाळीस जण दिसणारच नाहीत. त्याला एकच पत्ता दिसेल, आणि तिथून मागण्यांचा पाऊस. त्याला वाटेल, आला दलाल. तो दार लावून घेईल."

"सगळ्यांना?"

"या दालनातल्या सगळ्यांना."

वहिनीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "पण तू तर तपासलं होतंस ना?"

"तपासलं. तीन हजार माणसं, आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा." तिला स्वतःचाच राग आला. पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी तिला बाहेर काढलं, तेव्हाच त्याने ही गोष्ट सांगितली होती. तिने आणि काकांनी त्याच्याकडून सूट मिळवली आणि पुढे निघाले. त्यानंतर पत्ते इतके झाले की पहारेकऱ्याला बोलायचं कारणच उरलं नाही. एकाच पत्त्याने एक खोटं सांगितलं होतं, तीन हजारांनी दुसरं.

तिने तिथूनच काकांना फोन लावला. सुट्टीच्या दिवशीही काकांनी पहिल्या घंटेला उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं आहे गं," ते म्हणाले. "आणि हे नुसतं एका वाचनालयाचं नाही. मोबाइल कंपन्यासुद्धा शेकडो लोकांना एका पत्त्यामागे ठेवतात. मला सुचायला हवं होतं."

"मलाही."

सोमवारी सकाळी ती लीडच्या समोर उभी राहिली. त्याने तिचा चेहरा बघितला आणि डोळे मिटले. "बोला."

तिने सांगितलं. त्याने लगेच तोडगा काढला. "सोपं आहे. वहिनींच्या वाचनालयाचा पत्ता द्या, त्याला सूट देऊन टाकू."

"आणि बाकीची वाचनालयं? वृद्धाश्रम? फॉर्म भरून देणारी दुकानं? मला माझी वहिनी आहे म्हणून कळलं. ज्यांची वहिनी इथे ओळखीची नाही त्यांचं काय?"

"मॅडम, परवा पान उघडतंय! नियम काढून टाकू म्हणता? दलाल पाच मिनिटांत सगळ्या तारखा गिळतील. रुग्णालय मला फाडून खाईल."

"काढू नका. आधी बघू तरी काय होतं ते. मला तासभर द्या."

या वेळी तिने पत्ते वेगळ्या तऱ्हेने वाटले. बहुतेक रुग्णांना स्वतंत्र पत्ता ठेवला, पण काही पत्त्यांमागे तीस, काहींमागे साठ, एकामागे दीडशे माणसं बसवली. टेस्ट सोडली. चारही आलेख झकास चढले, सर्व्हर खूश, डेटाबेस खूश. वरवर बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. पण तिने गर्दीच्या पत्त्यांचा निकाल वेगळा काढला. त्यांच्यातल्या दर दहातल्या नऊ जणांसमोर एकच ओळ आली होती: 'संशयास्पद वापर आढळल्याने आपला प्रवेश थांबवला आहे.'

लीड ती ओळ बघत राहिला. "माझी आजी हे वाचून पोलिस येतील म्हणून घाबरली असती," तो म्हणाला. मग उठला, दार लावून घेतलं आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. तो बराच वेळ चालला. काचेपलीकडून शंकासुरला त्याचे हात तेवढे दिसत होते, कधी समजावणारे, कधी टेबलावर आपटणारे. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, पण काम झालं होतं.

ठरलं ते असं. मोजणी पत्त्यावर न करता फोन नंबरवर करायची. फॉर्म भरणाऱ्याच्या फोनवर एक कोड जाईल, तो घातला तरच तारीख मिळेल. एका नंबरावर जास्तीत जास्त दोन तारखा, म्हणजे नवरा-बायको दोघांनाही घेता येतील. पत्त्याचा नियम राहील, पण तो खूप सैल. काका आणि प्रोग्रॅमर मंगळवारभर त्यावर बसले. दुपारी शंकासुरने मिश्र गर्दी पुन्हा सोडली. या वेळी गर्दीच्या पत्त्यांमागची माणसंही आत गेली. कोड पाठवणं तेवढं टेस्टमध्ये धरता आलं नाही. ते काम बाहेरच्या कंपनीचं होतं आणि त्यांच्याशी बोलायला वेळ उरला नव्हता. तिने तसं लीडला स्पष्ट सांगितलं. "ही एक शंका शिल्लक राहते."

"राहू दे," तो म्हणाला. "ती मी माझ्या डोक्यावर घेतो."

बुधवारी दहाला सगळे एका स्क्रीनभोवती जमले. आलेख चढले. काका गर्दीचे पत्ते मोठ्याने वाचायला लागले. "हे वाचनालय तुझं. आणि हे बघ, एका पत्त्यावर साठ. इथे नव्वद. हे कोण असतील?" कोण होते ते कोणालाच कळलं नाही. पण ते आत येत होते.

मग सव्वादहाच्या सुमाराला तारखांचा वेग मंदावला. सर्व्हर मोकळे होते, डेटाबेस मोकळा होता, आणि माणसं मात्र शेवटच्या पायरीवर खोळंबली होती. कोड उशिरा पोचत होते. बाहेरच्या कंपनीला लीडने तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा आवाज चढवून. अर्ध्या-पाऊण तासाने कोड पुन्हा वेळेवर जायला लागले आणि थोड्याच वेळात तारखा संपल्या.

वहिनीचा फोन दुपारी आला. चाळिसातल्या तेहेतीस जणांना तारीख मिळाली होती. दालनात लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

"आणि आई?"

"त्यांचा कोड आला तेव्हा तारखा संपल्या होत्या."

लीड जवळच उभा होता. त्याने ऐकलं. "मी रुग्णालयाला फोन करतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कोड उशिरा गेला ही आपली चूक आहे. एक नाव ते सहज घालतील."

शंकासुरला हो म्हणावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. कोडची कल्पना सगळ्यांची असली तरी पहारेकऱ्याविरुद्ध तक्रार तिने केली होती, आणि तो कोड नेमका तिच्याच आईला नडला होता. तिने वहिनीला सांगून आईला फोनवर घेतलं.

"आई, ते म्हणतायत तुझं नाव घालता येईल. या वेळी तुझं म्हणून नाही, आमची चूक म्हणून."

"चूक माझ्या एकटीच्या बाबतीत झाली का गं?"

"नाही. तुमच्या वाचनालयातले सात जण राहिलेत. बाकी ठिकाणी किती, माहीत नाही."

"मग त्यांचंही घालणार आहेत?"

शंकासुरने लीडकडे बघितलं. त्याने मान हलवली, नाही.

"मग राहू दे. तीन महिने काय, असे निघून जातील. मागच्या दोन वेळा उभी राहून पाय दुखले होते. या वेळी बसून तरी नाही मिळाली." आई हसली. "आणि तो राग तुझ्या त्या साहेबावर काढू नकोस."

संध्याकाळी घरी गेल्यावर शंकासुर नवऱ्याशी उगाचच भांडली, मग रडली, मग त्याने केलेला चहा प्यायली.

पुढच्या तीन महिन्यांत तिने कोडवाल्या कंपनीला सळो की पळो करून सोडलं. खोटे कोड हजारोंनी पाठवून बघितले, उशीर होतो कुठे ते काढलं, आणि कोडची वाट बघणाऱ्याची तारीख काही वेळ राखून ठेवायची सोय करून घेतली. लीडने एकदाही 'कशाला' म्हटलं नाही. पुढच्या खेपेला आईला तारीख मिळाली, आधी राहिलेल्या इतर सहा जणांपैकी पाच जणांनाही मिळाली. सहाव्या आजींना त्यांच्या मुलाने दुसऱ्या शहरात नेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली त्या दिवशी शंकासुर रजा घेऊन गेली होती. रुग्णालयाच्या बाकावर औषधांची वाट बघत बसल्या असताना आईने तिचा फोन मागितला.

"ते तुझं पान दाखव. आजवर तुझ्या वहिनीनेच वाचून दाखवलंय. मी बघितलंच नाही."

शंकासुरने जरा अभिमानानेच पान उघडून दिलं. आईने फोन जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे वळवला.

"काय गं, दिसत नाही का?" शंकासुर घाबरून उठलीच. "डॉक्टरांना बोलवू?"

"दिसतंय की. चांगलं दिसतंय. पण ही अक्षरं किती बारीक! आणि पांढऱ्यावर करडी!" आईने फोन तिच्या हातात परत दिला. "डोळे गेलेल्यांसाठीच केलंय ना तुम्ही हे?"

शंकासुर त्या पानाकडे बघत राहिली. महिनोन्‌महिने तिने ते रोज उघडलं होतं. तिने तिथूनच लीडला फोन लावला.

"सर, एक शंका आहे."

पलीकडे त्याने मोठा श्वास सोडला, आणि म्हणाला, "थांबा, मी कागद घेतो."